लाईट गेल्यावर झाकणारी काच

३ जून २००८, मंगळवार
दुपारी ताई दुकानात. पिशवीत टॉवेल, टॉवेलात वीतभर काच. मुंबईच्या प्रदर्शनातून आणली म्हणे. वायर जोडली, बटण दाबलं, दुधी काच एकदम साफ. बंद केलं, पुन्हा दुधी. समोरचा टायरवाला उठून आला. द्वारका चौकाच्या त्या गोंगाटात चार माणसं काचेवर वाकलेली. जन्मभर काच कापतोय, असलं काही पाहिलं नव्हतं. ताईला तसं म्हणालो मात्र नाही.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून हिला स्वस्थ बसवत नाही. आधी पापड, मग विमा, आता हे. "बाळू, नवीन बिल्डिंगा होऊन होऊन किती होतील? जुन्या बघ. चौकट तीच, नुसती काच बदलायची. अख्खं नाशिक पडलंय."

कंपनी तिला जिल्ह्याची एजन्सी देणार, पण दसऱ्याच्या आत एका तरी पूर्ण इमारतीची ऑर्डर हवी. नाहीतर पुण्याचा कुणीतरी टपलेलाच आहे. मी म्हटलं, बाजारात तुरी. ती म्हणाली, उरलेलं नंतर म्हण, आधी गाडी काढ.

१२ जून
ताईची स्कूटी, मागे मी, मांडीवर काच. कॉलेज रोड पालथा घातला. एका सराफाला फार आवडली, तेवढ्यात लोडशेडिंग. काच दुधी. सराफ हसला. "लाईट गेली का माझं दुकानच दिसायचं नाही, ताई. गिऱ्हाईक म्हणेल बंद आहे." पुढे हॉटेल, शोरूम, सगळीकडे हेच. बरोबरच आहे त्यांचं. मी मनातल्या मनात प्रकरण मिटवून टाकलं.

घरी चहा पिताना ताई म्हणाली, "आपण उलट्या गिऱ्हाइकाकडे जातोय. लाईट गेल्यावर ज्याला आडोसाच लागतो, तो शोधायचा."
मला हे सुचलं नसतं. खरंच नसतं.

२३ जून
पंचवटीतलं एक सूतिकागृह. डॉक्टरबाई बोलायला तुटक, पण ऐकून घेतात. वॉर्ड तळमजल्यावर, खिडक्या रस्त्याला, पलीकडे रिक्षास्टँड. पडदे दिवसभर ओढलेले. नातेवाईक त्यांनाच हात पुसतात, पोरं नाक. बाईंचा सगळा राग त्या पडद्यांवर. ताईनं काचेचा विषयच काढला नाही. पडदे कोण धुतं, किती दिवसांनी, धुवायला गेले की काय लावता, एवढंच विचारत गेली. शेवटी बाईच म्हणाल्या, "मग तुमच्याकडे आहे काय?"

ठरलं. एक खिडकी नमुना म्हणून. बाळंतिणींना पटली तर दोन्ही मजले. मी आजवर गिऱ्हाइकाला बोलून बोलून दमवत आलो. धंदा असाही होतो तर.

१५ जुलै
खिडकी बसवली. चौकट जुनी, सागाची, एक बाजू कललेली. ताईनं माप घेताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरके कर्णसुद्धा घेतले होते, म्हणून काच पहिल्या फटक्यात बसली. माझ्या माणसांना सांगून सांगून थकलो हे.
पेठ तालुक्याकडची एक बाळंतीण, पोर पाजता पाजता: "बरं हाय. मना आलं का बाहेर बघायचं, नाय आलं तर नाय."
ताई दिवसभर हेच वाक्य घोळवत होती.

१ ऑगस्ट
आज सूर्यग्रहण. दुपारी सूतिकागृहातून सिस्टरचा फोन, लवकर या. गेलो तर आमच्या काचेवर आतून वर्तमानपत्रं, कणकेच्या खळीनं चिकटवलेली. सटाण्याच्या आजी, सून दिवस भरत आलेली, तपासणीला आणलेली. आजींचं म्हणणं: "काच धवळी व्हयनी ते काय व्हयनं? उजेड ते येसच ना." ग्रहणाचा उजेड पोटुशीवर पडता कामा नये. दिसत नाही म्हणजे खिडकी बंद, असं आम्ही धरून चाललेलो. हे आमच्या डोक्यातच आलं नाही, आणि आमच्या घरातही आई ग्रहणाला खिडक्यांना चादरी लावायची.

मी तोंड उघडणार तोच ताईनं दंड दाबला. स्टूल ओढून आजींशेजारी बसली, ग्रहण सुटेपर्यंत. काय चिरायचं नाही, काय शिवायचं नाही, सगळं विचारून घेतलं. आजी खूष. निघताना ताईच्या हातावर कांद्याची पिशवी.

२ ऑगस्ट
व्हायचं ते झालं. खळीची ओल कडेतून आत शिरली. खालचा कोपरा दुधीच राहतो, बटण दाबलं तरी साफ होत नाही. कंपनीनं बाहेरची कड बंद करायला सांगितली होती, आतली नाही.

मी म्हटलं, पट्टी रुंद लावतो, कोपरा झाकून जाईल, धंद्यात चालतं. ताई सरळ डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये. "कोपरा गेलाय. पुढच्या काचांची कड दोन्हीकडून बंद करीन. आणि ग्रहणं काही थांबायची नाहीत, त्यासाठी आतून अडकवायचा काळा पत्रा देईन. खळ नको." बाई म्हणाल्या, बघू.
चिडलो तिच्यावर. जेवताना राग टिकेना. आपली खराब काच स्वतः दाखवायला छाती लागते. माझ्यात नाही ती.

११ सप्टें.
बाई अजून "बघू"वरच. कंपनीचा माणूस दर आठवड्याला फोन करतो, पुण्याच्या पार्टीचं नाव मुद्दाम काढतो. ताई हसून बोलते, मग फोन ठेवून नुसती बसते. पापड सोडले तेव्हा असं नव्हतं, विमा सोडला तेव्हाही नव्हतं. हे गेलं तर ती पुन्हा काही सुरू करणार नाही असं वाटतं. भीती वाटते मला.

४ ऑक्टो., शनिवार
गुरुवारी दसरा. बाईंनी बोलावलं. "वरच्या मजल्याची मापं घेऊन ठेवा. हो म्हटलेलं नाही मी."

टेपचं एक टोक ताईकडे, एक माझ्याकडे. शेवटी कळांची खोली, म्हणजे बाळंतपणाची. रिकामी होती म्हणून शिरलो. शेजारी नवीन इमारत चढतेय, परांचीवर माणसं, अगदी खिडकीसमोर. पडदे धुवायला गेलेले. टेप लावतोय तोच एक बाई आणली, कळा देत, घामाघूम. सिस्टरनं मला बाहेर काढलं. दार लोटायच्या आत दिसलं, ताईनं टेप टाकून दिली होती. आमच्याकडे पाठ करून, पदर दोन्ही हातांनी ताणून खिडकीत उभी.

मी बाहेर बाकावर. डॉक्टरबाई घाईनं आत गेल्या. बऱ्याच वेळानं पोराचं रडणं ऐकू आलं.

ताई बाहेर आली तेव्हा हात खाली घेता येत नव्हते, मीच चोळून दिले. मागून बाई आल्या. हात पुसत विचारलं, "मापं झाली?"
ताई म्हणाली, "या खोलीचं राहिलंय."
बाईंनी बंद दाराकडे पाहिलं. "तिला जरा झोपू द्या. मग घ्या."
अजून बाकावरच आहोत दोघं. बाळंतीण आत झोपलीय.