सोमवारी पूर्वेला

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात, त्याहून मी आता वयानं मोठी आहे. तेव्हा आज तुम्हाला दोन शब्द सुनावायचा हक्क मला आहे, असं धरून चालते. आज सोमवार. सकाळी नात नागपूरला निघाली आणि मी हळूच तिच्या हातात आरसा दिला. तिला वाटलं, कुंकू पुसलं गेलंय. तिनं एकदा त्यात पाहिलं, हसली आणि गेली. तेव्हापासून मला चैन नाही. ती दर्यापूरची दुपार जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी आहे, आणि खरं सांगायचं तर आजही आठवलं की अंगात वारं शिरतं.

तो वैशाख तुम्ही विसरला नसाल. माझा सातवी पास झाल्याचा दाखला आला होता आणि मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी मंगळवारी सकाळी दहाला अमरावतीत हजर व्हायचं होतं. दाखला हातात असेल तरच नाव लागणार होतं, आणि मंगळवारीच यादी बंद होणार होती. याआधी दोनदा आपण निघालो आणि दोनदा माघारी फिरलो. एकदा शेजारी कोणी शिंकलं, एकदा मांजर आडवं गेलं. आता रविवारी तुम्हाला दोन लग्नं लावायची होती, म्हणजे निघायचं सोमवारी. अकोटहून अमरावती पूर्वेला, आणि सोमवारी पूर्वेला दिशाशूळ, त्या दिशेचा प्रवास अशुभ! अख्ख्या गावाला मुहूर्त काढून देणारे तुम्ही, पण पंचांगाला बगल देण्यातही तुमचा हात कोणी धरला नसता. रविवारी चांगली वेळ पाहून तुम्ही प्रस्थान ठेवलंत. सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि माझा दाखला फडक्यात बांधून गावाच्या टोकाच्या फुलमाळ्याकडे ठेवून आलात. म्हणजे प्रवास रविवारीच सुरू झाला. सोमवारी पहाटे जाता जाता गाठोडं तेवढं उचलायचं, की दोष नाही.

आणि तेच उचलायचं राहिलं. तुम्ही दमणीत डोळे मिटून स्तोत्र म्हणत होतात, गाडीवान गाडी बैलांवर सोडून पेंगत होता. मोटार धरायला दर्यापूरला पोचलो तेव्हा ऊन असं पेटलेलं की दमणीच्या लोखंडाला हात लावायची सोय नव्हती. स्टेशनाबाहेर लिंबाखाली आपण उतरलो आणि तुम्ही एकदम कपाळावर हात मारलात.

"अरे, माळ्याकडं थांबला कावून नाहीस तू?"

"मले कोनं सांगतलं थांबाचं? तुमीच त डोये मिटून बसले होते, महाराज!"

तुम्ही मटकन खाली बसलात. "दाखला गेला. आता परत फिरू." मी पोलक्यातून दाखला काढला आणि तुमच्यापुढे धरला. "बाबा, मी तो गाठोड्यात ठेवायचाच विसरले." तुम्ही त्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. रागावला नाहीत. पण तेवढ्यानं भागणार थोडंच होतं? दाखला होता, प्रस्थान नव्हतं. आपण सरळसरळ सोमवारी पूर्वेला निघालेले ठरत होतो.

मग तुमची जी काही धांदल सुरू झाली! पिशवीतून पंचांग निघालं. "मूर्तिजापूर दक्षिणेला. दक्षिणेला आज दोष नाही. छोट्या गाडीनं मूर्तिजापूर गाठू, मुक्काम करू, उद्या पहाटे मोठ्या गाडीनं अमरावती." मला टाळी वाजवावीशी वाटली. तुम्ही मात्र मूर्तिजापूर नेमकं दक्षिणेला की किंचित आग्नेयेला, याचा खल गाडीवानाशी करत बसलात, आणि तेवढ्यात छोटी गाडी शिटी देऊन निघूनही गेली. पुढची दुसऱ्या दिवशी. ती धरून दहाच्या आत अमरावती शक्यच नव्हती.

समोर अमरावतीची मोटार उभी. पूर्वेची. ड्रायव्हर म्हणाला, "बसता का महाराज? गाडी निंघून राहिली." तुम्ही हलला नाहीत. मी रडत नव्हते, पण रडण्यासारखीच दिसत असेन. मग तुम्ही उठलात, धोतराचा सोगा सावरलात आणि सरळ मोटारीच्या बाजूच्या इवल्याशा आरशासमोर जाऊन उभे राहिलात. सोमवारी आरशात तोंड पाहून निघालं की दिशाशूळ उतरतो, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. वाकून, शेंडी नीट करत तुम्ही त्यात चांगलं निरखून पाहिलंत.

"नवरदेव होऊन राहिले का महाराज?" ड्रायव्हरनं विचारलं आणि सगळी मोटार हसली. तुम्हीही हसलात. मला म्हणालात, "चढ."

वाटेत मोटार तापली. वाफा निघू लागल्या, जवळ विहीर नाही, ओढा कोरडा. तुमच्या सोवळ्याच्या पाण्याच्या गडव्याला आईशिवाय कोणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. तो तुम्ही स्वतः नेऊन इंजिनात रिकामा केलात. दुसऱ्याच्या हातचं पाणी तुम्ही पीत नव्हतात, त्यामुळे अमरावतीपर्यंत तहानलेलेच बसलात, ओठांवर धुळीचा थर. आणि मी खिडकीतून मान वेळावत मैलाचे दगड मोजत होते! आनंदानं मला तुमची तहान दिसलीच नाही, बाबा. त्याचं अजून वाईट वाटतं.

मंगळवारी माझं नाव लागलं. तुम्ही एकटेच अकोटला परतलात. आठवड्यानं पत्र आलं: "गाठोडं आणलं. सुपारी, हळकुंड नीट आहे." एवढंच. पण गाठोड्यात दाखल्याच्या घडीएवढी जुन्या पंचांगाची चार पानंही होती. ती मीच ठेवली होती, दाखला जवळ असावा म्हणून. म्हणजे मी विसरले नव्हते, हे तुम्हाला कळलंच असणार. त्यावर तुम्ही जन्मात कधी अक्षर काढलं नाहीत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. माळ्याच्या घरापाशी मी जागी होते. थांबलो तर तुम्हाला आणखी एखादी शिंक ऐकू येईल, या धास्तीनं माझा जीव अर्धा झाला होता. माळीण गाठोडं घेऊन दारातच उभी होती. तिनं हात वर केला. मी दमणीचा पडदा खाली सोडला.