नमुना क्रमांक सात

पुरानी बस्ती, रायपूर
३ ऑगस्ट २०२५

चि. कौमुदीस अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण उत्तर मले लेखी पाहिजे. तू नागपूरला परतल्यापासून तुझी आई माझ्या पेजेत रोज चमचाभर पांढरी पावडर घालून राहिली. विचारलं तर म्हणते, कौमुदीनं दिलेलं तांदळाच्या कनकीचं पीठ आहे, ताकद येते. मग ते मसाल्याच्या डब्यांमागं काहून लपवलं? पाकिटावर तुझ्या अक्षरात ‘नमुना ७’ आहे. अन्न तपासणी खात्यात मी तीस वर्षं नमुने घेतले. नमुना तपासायसाठी असते, बापाले चारायसाठी नाही. तुम्ही दोघी मिळून काय करून राहिल्या?

खरं लिहिशील, तर लोभ आहे तसाच राहील.
बाबा


नागपूर
८ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस शि. सा. न.

तुमचा संशय बरोबर आहे. आमच्या प्रयोगशाळेत कनकीतला स्टार्च काढतात आणि त्याचं द्रावण अल्कोहोलमध्ये थेंबथेंब सोडतात. इतके बारीक कण होतात, की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. ते लोह धरून ठेवतात आणि पोटात गेल्यावर सोडतात. चव लागत नाही, पोटही बिघडणार नाही असा आमचा अंदाज आहे. तुमचं हिमोग्लोबिन आठवर आलं आणि तुम्ही लोहाच्या गोळ्या कुंडीत टाकता, हे आईकडून कळलं. मी घाबरले.

पण हे माणसांना द्यायची परवानगी नाही. आतापर्यंत फक्त काचेच्या नळीत तपासलंय. आईला मी पीठच सांगितलं होतं, तुम्ही फेकाल म्हणून डब्यांमागं ठेवायलाही मीच सांगितलं, तिचा दोष नाही. आजपासून बंद करा, डॉक्टरांना दाखवा.

रागवा, पण माया कमी करू नका.
कौमुदी


रायपूर
१४ ऑगस्ट २०२५

चि. कौमुदीस आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी मले वाचून दाखवलं. तोवर ते माझ्या हातचं पाणीही उजेडात धरून पाहत होते. आता गोळ्या माझ्यासमोर घेतात. पाकीट सीलबंद करून तुझ्या प्रयोगशाळेतल्या मॅडमले पाठवणार होते. मी अडवलं, म्हटलं ती स्वतः सांगेल. तर सांग.

समता कॉलनीतल्या डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कोणी खाल्लं काय. हे नाही म्हणाले. मी हळूच हव म्हटलं. पेज रोज उरते, टाकवत नाही, मीच पिते. हे तुले लहानपणापासून माहीत आहे.

पावडरीनं दोघांलेही काही झालं नाही, असं तपासण्यांत आलं. पण तुझ्या साऱ्या पत्रात बाबांची काळजी आहे. माझ्या पोटात काय गेलं असेल, हे तुले सुचलंच नाही.

दिवाळीले ये, गरम वाढीन. बोलायले मले थोडे दिवस लागतील.
आई