तोडीचा गंधार

९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र आणि श्रद्धांजली सभेची पत्रिका मिळाली. आई बरी आहे. गुडघे धरलेत म्हणून जिना उतरत नाही, एवढंच. मी शाळेत परत जाऊ लागले. मुलांच्या परीक्षा जवळ आल्यात. अण्णांची खोली अजून आवरलेली नाही.

पत्रिकेवरचा अण्णांचा फोटो चांगला आहे. तुझा जरा मोठा आलाय. छापणाऱ्यानेच केलं असेल.

अण्णा शेवटी तुझ्याबद्दल काही बोलले का, असं तू विचारलंस. भाषणाचा शेवट त्यावर करायचाय म्हणतोस. मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले होते. जमलं नाही.

बोलले.

तू आमच्याकडे शिकायला राहिलास तेव्हापासून तुमच्यामागे तंबोरा घेऊन मी बसायचे. कोणीतरी हवं होतं आणि मी घरातच होते. अण्णा तुला वादळ म्हणायचे. "या वादळराव! आज गंधारावर थांबणार, की मुक्काम पुढच्या गावी?" तोडी रागातला तो गंधार त्यांना हवा तितका खाली तुला कधी लागला नाही. तू तिथून ताना घेत निसटायचास. आई आतून ओरडायची, "त्याचा गंधार लागेपर्यंत माझं दूध उतू जातं हो!" तू हसायचास. आम्हीही.

मला त्यांनी शिकवलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "तू सूर धर. तेवढं पुष्कळ आहे." तंबोरा कायम त्यांच्या पट्टीत असायचा. घरात कोणी नसलं की मी त्याच पट्टीत गायचे. त्यामुळे माझा गळा बाईमाणसाच्या मानाने खालीच बसला. हे तुला माहीत नसेल. कोणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

पुढे तुझं नाव झालं. रेडिओवर मुलाखतीत तू म्हणालास, "मी तसा स्वतःच घडलो." अण्णा म्हणाले, "खरंय, वादळाला कोण घडवणार?" आणि चहा मागितला. तो प्यायले नाहीत. तुझं ध्वनिमुद्रण मात्र रोज लावायचे. गंधार आला की 'नाही' अशी नुसती मान हलवायचे. येतो येतो म्हणत तू आला नाहीस, तरी त्यांनी सकाळी तंबोरा लावून ठेवायला सांगणं सोडलं नाही.

शेवटी त्यांना दिसेनासं झालं. मी तुला फोन केला. दौरा संपला की येतो, म्हणालास. त्या सकाळी ते सारखं विचारत होते, "आला का? तंबोरा लावलास का?" मी लावला, खाटेपाशी बसले आणि तोडी गायला लागले. का, ते सांगता येणार नाही. गंधारावर आले तसा त्यांनी हात उचलला.

"थांब. तिथेच थांब."

मी थांबले.

"लागला रे, वादळा! केवढी वर्षं लावलीस. जा आता, तुला शिकवायचं काही राहिलं नाही."

आई दारात पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. तिने ते हळूच खाली ठेवलं. मी तंबोरा छेडत राहिले. इतके खूश ते कितीतरी दिवसांत दिसले नव्हते.

आई म्हणते, "कळवून टाक त्याला. नाव त्याचंच घेतलं ना त्यांनी?" नाव तुझंच घेतलं. म्हणून कळवलं. पण ते सभेत सांगू नकोस. भाषणानंतर तू तोडी गाणार असं पत्रिकेत छापलंय. गंधार आला की तुझं तुलाच कळेल, ते कोणाला म्हणाले होते.

तंबोरा मागितलास, तो पाठवत नाही. काल त्याच्या तारा मी हळूहळू वर चढवल्या, माझी पट्टी जी असायला हवी होती तिथवर. गाऊन पाहिलं. गळा तिथे जात नाही. परत उतरवून ठेवल्या.

मी सभेला येणार नाही. मागे बसायला दुसरं कोणी बघ.

अण्णांची मुलगी