केसपेपरवर नसलेला रकाना

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
श्रीमती दिवाळीबेन स्मारक धर्मादाय रुग्णालय,
सुरत.

विषय : सौ. चंचल धर्मेंद्र कोठावदे (वय ३४) यांच्या केसपेपरवर वडिलांकडील आजारांची नोंद घेऊन स्तनातील गाठीची सुईने तपासणी तातडीने करण्याबाबत.

संदर्भ : १) बाह्यरुग्ण विभाग, दि. ८ जुलै १९९७ चा केसपेपर.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज, जे मी लिहिले पण दिले नाहीत.

महोदय,

१. मी भेस्तान येथे राहतो. वय ७१. यंत्रमाग कारखान्यात एकतीस वर्षे ताका तपासनीस होतो, म्हणजे विणून आलेल्या कापडातील दोष शोधून त्यावर खडूने खूण करणे हे माझे काम होते. आपण मूळचे अमळनेरचे असून मराठी वाचता, असे आपल्याकडील वॉर्डबॉय सुकलाल यांनी सांगितले, म्हणून मराठीत लिहिण्याचे धाडस करीत आहे. समोर येऊन सांगणे जास्त सरळ झाले असते याची मला कल्पना आहे. मी तीनदा आलो, तिन्ही वेळा आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो आणि आपण कामात असाल असे वाटून परत गेलो.

२. चंचल ही माझी मुलगी. तिच्या डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ आहे. जावई धर्मेंद्र यांना इच्छापोरच्या ठेक्यावरील कामातून सुटी मिळाली नाही, त्यामुळे ८ जुलै रोजी तिच्याबरोबर तिच्या सासूबाई व मी असे दोघे आलो. डॉक्टरांनी छापील कागदावरून प्रश्न विचारले. आईला, मावशीला, आजीला, बहिणीला असा आजार होता का? चंचलने नाही म्हणून सांगितले, आणि ते खरेच आहे. माझ्या पत्नीच्या माहेरच्या बायका ऐंशी ऐंशी वर्षे जगल्या. वय कमी, घरात कोणाला नाही, गाठ साधी वाटते, सहा महिन्यांनी दाखवा, असे डॉक्टरांनी सांगितले. कागदावर जे होते त्यावरून त्यांनी योग्यच सांगितले. त्यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.

३. कागदावर वडिलांकडचा रकाना नाही. तो असता तर त्यात पुढील नावे आली असती. माझी थोरली बहीण रुक्मिणी, पारोळ्याजवळच्या खेड्यात १९६४ साली वारली, वय ४१, छातीची गाठ फुटली होती, कागदपत्र काही नाही. धाकटी बहीण पार्वती, १९७९ साली आपल्याच रुग्णालयात वारली, वय ३९. पार्वतीची मुलगी स्वाती, १९९५ साली आपल्याच रुग्णालयात, वय ३५. तिघींचा आजार एकच.

४. हे आजवर कोणाच्या लक्षात आले नाही, कारण आपल्या दप्तरी पार्वती नावाची कोणी नाही. लग्नात तिचे नाव बदलून शोभाबाई ठेवले. आमच्याकडे नवरदेव ताटातल्या तांदळात बोटाने नवे नाव लिहितो, ते सर्वांना वाचून दाखवतात आणि मग तांदूळ गोळा करून ठेवतात. नाव बदलल्याची नोंद कागदावर कुठेच होत नाही. तिचा केसपेपर शोभाबाई हिलाल येवले या नावाने आहे, स्वातीचा स्वाती भगवान अमृतकर या नावाने आणि माझ्या मुलीचा कोठावदे या नावाने. तीन आडनावांच्या तीन अनोळखी बायका. त्यांना जोडणारा माणूस मी एकटा, आणि माझा आपल्याकडे केसपेपरच नाही.

५. आता थोडे वाचनाबद्दल. मी डॉक्टर नाही. वाचनालयात येणारी इंग्रजी विज्ञान मासिके शब्दकोश घेऊन वाचतो, त्यामुळे माझे समजणे चुकीचे असू शकते. तसे असल्यास हा परिच्छेद गाळावा, बाकीचा अर्ज गाळू नये. मी समजलो ते असे : पेशींची वाढ आवरणारी काही जनुके असतात. मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबवणारा एक छोटा काटा असतो, तसे त्यांचे काम. काटा निकामी झाला तर माग थांबत नाही, तुटल्या धाग्यानिशी विणतच जातो. प्रत्येक पेशीत असे दोन काटे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. परंतु ज्या मुलीला जन्मतःच एक बिघडलेला मिळाला, तिच्या एखाद्या पेशीत दुसरा बिघडायचा तेवढा अवकाश, आणि म्हणून तिला तरुणपणी गाठ होते. स्तनाच्या बाबतीत अशी दोन जनुके सापडली आहेत, एक १९९४ साली व दुसरे त्यानंतरच्या वर्षी. शंभरातल्या थोड्याच बायकांचा आजार या कारणाने होतो, हेही मी वाचले आहे. परंतु त्याच पानावर लिहिले आहे की बिघडलेले जनुक पुरुषातही असते, त्याला बहुधा काही होत नाही, आणि ते मुलीला जाण्याची शक्यता निम्मी असते. ते पान मी वाचनालयात उभ्याने चार वेळा वाचले. मला काही झालेले नाही. माझी तब्येत उत्तम आहे.

६. केसपेपरच्या खिडकीवर नोंद दुरुस्त करून मागितली असता तेथील कारकुनांनी रुग्णाशी नाते विचारले. वडील म्हटल्यावर ते हसून म्हणाले, “काका, लग्न झालेल्या बाईचा नवरा लागतो. बाप कुठे लिहायचा ते फॉर्ममध्ये नाही.” नात्याचा पुरावा म्हणून त्यांनी रेशनकार्ड मागितले. चंचलचे नाव लग्नानंतर माझ्या कार्डातून कमी झाले आहे. ती माझी मुलगी असल्याचा घरात सापडलेला एकमेव सरकारी कागद म्हणजे तिचे नाव कमी केल्याचा दाखला. तोच जोडला आहे. तो चालेल की नाही ठाऊक नाही.

७. येथपर्यंत माझे तिन्ही जुने अर्ज आले होते. पुढचे लिहायचे राहत होते, म्हणून ते दिले नाहीत.

पार्वती वारली तेव्हा स्वाती एकोणीस वर्षांची व लग्नाची होती. स्तनाचा आजार म्हटले तर स्थळे परत जातील म्हणून कावीळ झाली असे सांगायचे ठरले. मेहुणे हिलाल यांनी मला विचारले आणि मी मान डोलावली. स्वातीलाही तेच सांगितले. पुढे ती येथे दाखल झाली. तिने गाठ वर्षभर अंगावर काढली होती, कारण घाबरावे असे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मी तिला भेटायला आलो होतो. पलंगाला टांगलेला कागद वाचला. दिसेल ते वाचायची मला सवय आहे. त्यावर आईच्या मृत्यूचे कारण ‘कावीळ’ असे लिहिलेले होते. मी वाचून तो परत टांगला.

८. जुलैमध्ये मी पुन्हा तेच केले. पिशवीत मासिकातून उतरवून घेतलेली पाने होती. चंचल नाही म्हणाली तेव्हा मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. सासूबाई शेजारी होत्या. या घराण्याच्या रक्तात आजार आहे, तो बापाकडून आला, आणि तिच्या दोन मुलींकडेही गेलेला असू शकतो, हे त्यांच्यासमोर बोलावे की नाही याचा विचार करीत राहिलो आणि डॉक्टरांनी पुढच्या बाईला बोलावले. त्याला आज पंचेचाळीस दिवस झाले. गाठ आता मोठी लागते असे चंचल म्हणते. सासूबाई म्हणतात, मनाचे खेळ. मी कॅलेंडर पाहतो, वाचनालयात जातो, वाचत नाही, परत येतो.

९. काल चंचल घरी आली असता तिला येथपर्यंतचा अर्ज वाचायला दिला. तोंडाने सांगणे झाले नाही. तिने सर्व वाचले. मग म्हणाली, “नाना, तुम्ही तिथेच बसले होते ना?” मी हो म्हटले. तिने पेन मागून कोऱ्या जागेत, कागदाच्या तळाशी सही केली आणि सांगितले की मंगळवारी ती येणार आहे, नोंद झाली तरी आणि न झाली तरी.

१०. तरी विनंती अशी की शोभाबाई येवले (१९७९) व स्वाती अमृतकर (१९९५) यांचे केसपेपर काढून चंचलच्या कागदाला जोडावेत, आणि सहा महिने न थांबता मंगळवार दि. २६ ऑगस्ट रोजीच सुईने तपासणी व्हावी. जनुकाची चाचणी आपल्याकडे होत नाही असे समजते. कधी कुठे होणार असेल तर माझे रक्त घ्यावे.

जुने कागद न मिळाल्यास व जोडलेला दाखला पुरेसा नसल्यास शेवटची एक विनंती. मंगळवारी मी चंचलबरोबर आत येईन. तिच्या सासूबाईही असतील. आपण अथवा आपल्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून, वडिलांकडे कोणाला होते का, एवढेच मोठ्याने विचारावे. आपणहून बोलायला मला अजूनही जमेल असे वाटत नाही. विचारल्यावर मात्र मी तिघींची नावे सांगेन.

आपल्या प्रश्नाची वाट पाहणारा,

बन्सीलाल श्रीरंग वाणी
भेस्तान, सुरत
दि. २२ ऑगस्ट १९९७

वरील मजकूर वाचला. मान्य आहे.
सौ. चंचल धर्मेंद्र कोठावदे

सोबत : १) रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला.
२) कु. पार्वती श्रीरंग वाणी हिचा शाळा सोडल्याचा दाखला.
३) मासिकातून उतरवून घेतलेली पाने, सात. अक्षर लागत नसल्यास क्षमस्व.