पोटरीतला गोळा, पोतडीतला गोळा

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
पोलीस ठाणे, बाजार विभाग.

विषय : पतीच्या जबाबातील ‘पोतडीत’ हा शब्द ‘पोटरीत’ असा दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या ठाण्यात टंकलिखित झालेला जबाब, पान पहिले, ओळ सातवी.

महोदय,

१. अर्जदार ही पाणी तपासणी प्रयोगशाळेत वरिष्ठ रसायनतज्ज्ञ असून, पतीचा जबडा हत्याराने फोडल्याचा आरोप तिच्यावर आहे. जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. तीन दात गेले. त्यांतला एक उशीच्या अभ्र्यात सापडला. रक्त भिंतीवर सुमारे चार फूट उंचीपर्यंत उडाले. यातले काहीही अर्जदार नाकारत नाही. ती फक्त हत्यार नाकारते.

२. पतीचा जबडा तारांनी बांधलेला असल्यामुळे त्यांनी रुग्णालयात कागदावर लिहून जबाब दिला : “रात्री हिच्या पोटरीत गोळा आला आणि माझा जबडा गेला.” ठाण्यातील लेखनिकांनी तो टंकलिखित करताना ‘पोटरीत’ऐवजी ‘पोतडीत’ असे केले. पती व्यवसायाने मुद्रितशोधक आहेत. इतरांच्या असल्या चुका लाल शाईने कापण्यात त्यांची सव्वीस वर्षे गेली. नेमकी स्वतःच्या जबाबाची प्रत तेवढी त्यांना तपासायला मिळाली नाही.

३. अर्जदारास ठाण्यात बोलावून अंमलदारांनी विचारले, “बाई, गोळा कुठं दडवलाय ते मुकाट्यानं सांगा.” अर्जदाराने पायजमा वर करून पोटरी दाखवली व सांगितले, “साहेब, गोळा इथं येतो. पोटरीत.” त्यावर लेखनिक म्हणाले, “पोतडीत. तेच तर लिहिलंय मी.”

४. पोटरीत गोळा येणे म्हणजे काय, हे नोंदीसाठी नमूद करणे आवश्यक आहे. झोपेत पोटरीचा स्नायू आपणहून आवळतो व सुटत नाही. ओले कापड दोघांनी दोन टोकांना धरून पिळावे तशी ती पिळवटते. टाच वर ओढली जाते, बोटे खाली वळतात, आणि माणूस ओरडतच जागा होतो. अर्जदाराच्या बाबतीत संभाव्य कारणे तीन : दिवसाचे नऊ तास उभ्याने काम, दिवसभर लोकांचे पाणी तपासताना स्वतः न प्यायलेले पाणी, आणि रक्तदाबासाठी चालू असलेली, लघवी वाढवणारी गोळी. (येथे गोळी म्हणजे औषधाची गोळी. कृपया तिचा शोध घेण्यात येऊ नये.) यातले खरे कारण कोणते, हे अर्जदारास ठाऊक नाही. पुष्कळदा ते डॉक्टरांनाही सापडत नाही.

५. उपायांबाबत. खनिजांच्या पुड्यांनी अर्जदाराला फरक पडला नाही. एक जुने कडू औषध काहींना लागू पडते, पण ते हृदयाला व रक्ताला धोका करू शकते म्हणून डॉक्टरांनी दिले नाही. गोळा आल्यावर खात्रीने उपयोगी पडला तो एकच उपाय : गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटे नडगीकडे दाबणे. हे काम दोन वर्षे पतीने केले. अर्जदार ओरडली की ते न बोलता उठत, पलंगाच्या पायथ्याशी गुडघे टेकत, तिचे पाऊल छातीशी धरत आणि दाबत. जबडा टाचेच्या टप्प्यात कसा आला, याचे उत्तर एवढेच आहे.

६. मोठ्या नणंदबाई क्रीडाशिक्षिका असून एके काळच्या गोळाफेकपटू आहेत. त्यांनी प्रथम अर्जदारास पालथे घालून पोटरीवर दोन्ही गुडघ्यांनी चढून पाहिले. काळेनिळे डाग तीन आठवडे राहिले. नंतर त्यांनी फर्मावले, “तुझं विज्ञान ठेव कपाटात आणि लोखंड ठेव पायथ्याशी. माझ्या आजीचा गोळा असाच पळाला.” अर्जदाराने वाद न घालता नोंदवही उघडली. एक्क्याण्णव रात्री लोखंड आलटून पालटून ठेवले व काढले. लोखंड असताना गोळा अठरा वेळा आला, नसताना सतरा वेळा.

७. दुर्दैव असे की, नणंदबाईंनी दिलेले लोखंड म्हणजे त्यांचा स्वतःचा खेळातला, चार किलोचा गोळा होता, आणि तो गडगडू नये म्हणून त्यांनी तो जुन्या पोतडीत घालून दिला होता. आपल्या पथकाने घराची झडती घेतली तेव्हा पंचनाम्यात लिहिले गेले : पोतडी एक, आत गोळा एक. लेखनिक अर्जदाराकडे पाहून म्हणाले, “बघा. लिहिलं तेच निघालं.” एक चुकीचा शब्द प्रत्यक्ष पुराव्याने सिद्ध झाल्याचे अर्जदाराच्या पाहण्यात हे पहिलेच उदाहरण होय.

८. त्याच संध्याकाळी रुग्णालयाच्या ओट्यावर नणंदबाईंनी, “माझ्याच गोळ्यानं माझ्या भावाचं तोंड फोडलंस, सटवे!” असे म्हणून अर्जदाराच्या कानाखाली लगावली. हात गोळाफेकीचा असल्याने अर्जदार बाकावरून खाली पडली. डाव्या कानाला अद्याप कमी ऐकू येते. याबाबत तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयाने अर्जदारास पतीपासून दूर राहण्याची लेखी समज दिली. तेव्हापासून ती प्रयोगशाळेच्या विश्रांतीखोलीत राहते. पती येत्या गुरुवारी घरी येणार आहेत, आणि नणंदबाईंनी त्यांना कायमचे आपल्याकडे नेण्याची तयारी केली आहे.

९. गोळ्याच्या कळेत लाथ बसून जबडा मोडला, या अर्जदाराच्या म्हणण्याची खातरजमा करण्यासाठी अंमलदारांनी तिला एक रात्र ठाण्यातील बाकावर झोपवले. “येऊ दे तुमचा गोळा. आम्हीही बघतो लाथ कशी बसते.” पहाटे चारनंतर गोळा आला. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे तो दोन मिनिटे चाळीस सेकंद टिकला. अर्जदाराने बाकाची कड इतकी आवळली की नख मुळापासून उलटले. दाबायला कोणी नव्हते. लेखनिकांनी नोंद केली : “आरोपीने आरडाओरड केली, परंतु लाथ मारून दाखवली नाही. सबब सांगितलेले कारण खोटे.”

१०. ही नोंद ज्या बुद्धीने झाली ती बाजूला ठेवून अर्जदाराने तिच्यातील निरीक्षण तपासले. ते बरोबर आहे. पोटरीचा स्नायू पाऊल खाली ओढतो. तो दुमडलेला गुडघा ताठ करत नाही. लाथ मारतो तो मांडीचा स्नायू, आणि मांडीत गोळा आला नव्हता. कळ असह्य झाली की माणूस पाय झाडतो, हेही खरे. पण घटनेच्या रात्री पाऊल दाबता दाबता पती थांबले, अर्धवट झोपेत हसले आणि म्हणाले, “संपलं का? की अजून पुरवणी यायचीय?” लाथ त्यानंतर बसली. आधी नाही.

११. त्या लाथेत कळ किती होती आणि राग किती, हे वेगळे करण्याचे साधन अर्जदारापाशी नाही. राग होता. टाच हाडावर आपटल्याचा आवाज ऐकून, ओरडण्यापूर्वी, क्षणभर बरे वाटले होते. हे आजवर तिने कोणालाही सांगितलेले नाही.

१२. तरी विनंती की, सातव्या ओळीत ‘पोटरीत’ असा शब्द घालावा, कारण तो बरोबर आहे. मात्र या दुरुस्तीमुळे अर्जदार आपोआप निर्दोष ठरते असे मानू नये, कारण ते बरोबर नाही. चुकीच्या शब्दाने अडकणे तिला मान्य नाही. बरोबर शब्दाच्या आडून सुटणेही नाही. हा अर्ज, विशेषतः परिच्छेद दहा व अकरा, पतीस वाचावयास द्यावा, आणि गुरुवारपूर्वी त्यांना लेखी विचारावे की, अर्जदाराने घरी यावे काय. ते ‘नको’ म्हणाले तर समज कायम ठेवावी. अर्जदार त्याविरुद्ध दाद मागणार नाही.

आपल्या निर्णयास बांधील, नम्र,

(सही)
अर्जदार
वरिष्ठ रसायनतज्ज्ञ, पाणी तपासणी प्रयोगशाळा
दिनांक : १४, मंगळवार

सोबत :
(अ) पतीच्या हस्ताक्षरातील मूळ जबाबाची छायाप्रत.
(आ) एक्क्याण्णव रात्रींची नोंदवही.
(इ) पतीस विचारावयाच्या प्रश्नाचा कागद. उत्तरासाठी संपूर्ण पान सोडले आहे. एक शब्द लिहिला तरी चालेल.