मधल्या चौकोनातले दोन आकडे

सोमवार
आज जागा ताब्यात मिळाली. कोड्यांच्या मासिकात तपासनीसाची नोकरी, आणि कचेरीच्याच इमारतीत राहायला खोली. माझ्यासारख्या गणितात ढ बाईला आणखी काय हवं? इमारत तीन मजली, दर मजल्यावर तीन खोल्या, आमची बरोबर मधली. दारावर पितळी सात. आत खाट एकच, पण कप दोन, खुंट्या दोन, टॉवेलही दोन. ताई येणार हे जणू कुणी आधीच सांगून ठेवलं होतं.

मी तर सांगितलं नव्हतं. अर्जात मी एकटीच आहे असं लिहिलंय. खोटं तेवढंच नाही. नोकरीसाठी पोस्टाने आलेलं कोडं ताईने सोडवलं, खाली सही माझी. आम्ही जुळ्या. ती अकरा मिनिटांनी मोठी, आणि येताना सगळी अक्कल घेऊन आली असं आई म्हणायची. आयत्या बिळावरचा नागोबा म्हणून ताईने मला चिडवलं आणि चहा टाकला. खूप दिवसांनी दोघी पोटभर हसलो.

मंगळवार
संपादकबाईंनी काम समजावलं. नवं सुडोकू वाचकासारखं सोडवायचं, उत्तर एकच निघतंय ना ते पाहायचं. अडेल तिथे चौकोनाच्या कोपऱ्यात शक्य ते आकडे बारीक पेन्सिलीने लिहायचे, आणि सिद्ध झालं की नको तो खोडायचा. अंदाजाने कधीच खोडायचं नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. शिवाय या मासिकाच्या प्रत्येक कोड्याला एक जादा नियम असतो. आज घोड्याच्या अडीच घरांवर सारखा आकडा चालत नव्हता. ताईने भाजी चिरता चिरता सोडवून दिलं. बाई खूश झाल्या.

बुधवार
आजचा जादा नियम: सबंध कोड्यात एकाच चौकोनात दोन आकडे राहतील, त्याच्यापुरते बाकीचे नियम माफ. तो चौकोन शोधा.

दर वेळी ताईला विचारायची लाज वाटली. स्वतःच बसले. जेवणापर्यंत दोनच चौकोन अडले. वरच्या कोपऱ्यातला, दोन आणि नऊ. आणि अगदी मधला, चार आणि सात. यांतल्या एकात दोन्ही आकडे राहणार, दुसऱ्यातला एक खोडायचा. पण कुठला, ते काही केल्या सिद्ध होईना. भूक लागली होती. मग दिलं ठोकून: कोपऱ्यात दोन्ही, मधला चार खोडला. सात ठेवला, कारण आमच्या दारावर सात आहे. रबर जुनं होतं, चार पुसट दिसत राहिला.

संध्याकाळी ताईला दोन हाका मारल्या, ऐकू गेल्या नाहीत. तिसरीला दचकून वळली. कान तपासून घे म्हटलं.

गुरुवार
ताईचे कान खरंच गेलेत, आणि आता डोळेही. माझ्याशी बोलताना मागच्या भिंतीकडे बघते. बिचारी.

जिन्यात मासिकाची बांधणी करणारे, इथेच राहणारे बाइंडरकाका भेटले. नमस्कार केला, ते तसेच पुढे. बाही ओढली तेव्हा थांबले. बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि मग चौकोनात दोन आकडे होते का, असं विचारलं. या इमारतीत कुणीच एकटं आलेलं नाही म्हणाले. कोड्याच्या मधल्या नऊ चौकोनांत आपल्याच नऊ खोल्या असतात. ते धाकट्या भावाला घेऊन आले होते. खोडला गेला तो गेला. शनिवारपर्यंत निकाल लावला नाही तर अख्खा चौकोन काळा होतो. तळमजल्यावरच्या त्या विटांनी बुजवलेल्या खोलीत नवराबायको राहायचे. बाई फक्त नियम लिहितात, खोडतो आपणच, म्हणाले. भाऊ छान गायचा, असंही म्हणाले.

माझी पाचावर धारण बसली आहे.

शुक्रवार
बाईंकडून कागद परत आला. शेरा: चार अजून दिसतो. नीट खोडा, नाहीतर नीट सोडवा.

सगळं ताईच्या कानाशी ओरडून सांगितलं. तिने कागद न्याहाळला. हे सुटणारं आहे, दे माझ्याकडे, म्हणाली. मी दिला नाही. दारावरचा सात म्हणजे मी, नोकरी माझी. चार म्हणजे बिनबोलावलेली ती. आणि रबर तिच्या हातात गेलं तर? चोराच्या मनात चांदणं. जिने जन्मभर माझी गणितं सोडवली, तिच्याबद्दल मी असा विचार केला. केला खरा.

शनिवार, सकाळ
नवं रबर आणलं. ती अंघोळीला गेली तेव्हा चार खोडला. कागद फाटेपर्यंत.

रडले. पण खोडला.

शनिवार, दुपार
ती गेलेली नाही. खोलीभर मला शोधतेय, हाका मारतेय. मी ओ देतेय — अगदी समोर उभी राहून. तिच्या हातावर हात ठेवला. तिने माशी बसल्यासारखा झटकला.

टेबलावर तिचा कागद. आकडे काल नजरेतच साठवले असणार. सगळं कोडं सुटलंय. मधल्या चौकोनात चार आणि सात, दोन्ही, पेनाने. कोपऱ्यात नुसता नऊ. बाजूला पाच ओळींचं कारण. खाली लिहिलंय: बघ, दोघी राहतो —

दोघी राहणार होतो.

संध्याकाळ
बाई आल्या. पोस्टाने पाठवलेलं कोडं ज्या हाताने सोडवलं, सात त्याचाच, माझ्या दिशेने बघून म्हणाल्या. सही आम्ही बघत नाही.

मग ताईला विचारलं, एकट्याच ना?
ताई थांबली. दुसऱ्या खुंटीकडे बघत राहिली. आठवतेय — आठव ना —
हो म्हणाली.

एक कप धुऊन कपाटात ठेवला. पालथा —

आता ही वही तिच्यापुढे उघडी. मी लिहितेय, तिच्या नजरेखाली. ताई, वाच. हे अक्षर तुझ्या — पान उलटलं. कोरी वही सापडली म्हणतेय, कच्च्या कामाला बरी. माझ्याच ओळींवर चौकोन आखतेय. पेन्सिल इथवर आ —