माझ्या साड्यांचे डोंगर

प्रिय अक्का,

'प्रिय' लिहिलं खरं, पण तुझा हेवा अजून गेलेला नाही. तुला जाऊन महिना झाला. काल धुळ्याहून तुझी ट्रंक आली आणि आज आमच्या शशीचा अकरावी मॅट्रिकचा निकाल. पेढा तोंडात असतानाच पोरगी म्हणाली, "आई, मी धुळ्याला कॉलेजात जाणार. भूगोल शिकवणार, मावशीसारखा." मावशीसारखा! आईसारखं काही करावं, असं तिला कधीच कसं गं वाटत नाही?

हे खूळ तुझंच. दिवाळीत एरंडोलला आलीस आणि माझ्या साड्या जमिनीवर पसरून चळत लावलीस. "शशी, दोन्ही बाजूंनी आत रेट." तिनं रेटलं, तशा बारीक बारीक चुण्या उठल्या. मग गोधडी ठेवलीस, तिचा एकच मोठा फुगवटा आला. "मऊ थर आडवा दाबला की वाकतो. पातळ थराच्या लहान घड्या, जाडाची मोठी. पर्वत असेच उठले!"

सगळा पसारा बघून सासूबाई दारातून ओरडल्या, "हाई काय बठ्ठा पसारा शे?" तू नुसती हसलीस. इस्त्री मी केली, अक्का! आणि शशी दिवसभर तुझ्याच मागे.

दाब आपल्या दोघींवरही आला होता. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा नाना म्हणाले, "घरचं कोण बघणार?" तुझं कॉलेज सुरू होतं, म्हणून माझी शाळा सुटली. "कुसुमलाही शिकू द्या," एवढं का नाही म्हणालीस? मी वाट बघत होते गं.

आणि आज माझ्याच तोंडून तेच निघालं, "घरचं कोण बघणार?" शशी भांडली नाही. तिनं ट्रंक उघडून तुझ्या साड्यांची चळत रचली आणि म्हणाली, "आई, तू रेट ना एकदा."

इतक्या वर्षांत मला हे कुणी म्हटलंच नव्हतं. मी रेटलं. तुझ्या मऊ सुती साड्या एकमेकींवरून सरकत वर आल्या. पुन्हा सारख्या केल्या, पुन्हा रेटल्या. चुलीवरचं दूध उतू गेलं. एवढी मजा तू एकटीनं रोज वर्गात लुटलीस होय? जळले मी, खरंच!

शशीला धुळ्याला पाठवीन, हा शब्द देते. घरचं मी बघेन. पण पहिल्या पगाराची साडी मलाच आणायची, हे तिला आजच बजावलंय. तुझ्या फोटोला हार पुरे.

तुझ्यावर अजून रुसलेली,
कुसुम